कडी आहे, पाट नाही



गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये एका शनिवारी दुपारी आमच्या लेकीच्या खोलीच्या छतातून ह्यांचा पाय खाली आला. थेट मांडीपर्यंत. वाचून काही जणींना हसू येईल. आता आम्हालाही कधीकधी येतं, पण त्या दिवशी आलं नव्हतं. यावर लिहीन लिहीन म्हणत वर्ष घालवलं, कारण यात चूक माझी आहे. यंदाच्या क्षमावणीला ती ह्यांच्यापुढे बोलून झाली, म्हणून आता तुमच्यापुढेही बोलते. शिवाय इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणींच्या डोक्यावर हाच धोका आहे. त्यांना यातल्या चार गोष्टी उपयोगी पडतील.

आधी भारतातल्या सख्यांसाठी थोडं सांगते. माझं माहेर सांगलीजवळचं. आजीच्या घराला कडीपाट होता. कडी म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकलेलं आडवं लाकूड आणि पाट म्हणजे त्या कड्यांवर अंथरलेल्या फळ्या. खालून बघितलं की ते छत, वर गेलं की तीच माळ्याची जमीन. त्या माळ्यावर ज्वारीची पोती, शेंगा, हळद, लग्नकार्यातली मोठी भांडी असायची. आम्ही मुलं तिथे धावायचो, आणि फळी कधी दगा द्यायची नाही.

आम्ही राहतो लेस्टरमध्ये, 1930 च्या दशकातल्या घरात. इथेही उतरत्या कौलांखाली पोटमाळा असतो, त्याला लॉफ्ट म्हणतात. पण बऱ्याच घरांत या लॉफ्टला नुसत्या कड्या असतात, पाट नसतो. त्या कड्यांना खालच्या बाजूने खोलीचं छत ठोकलेलं असतं. आमच्या लेकीच्या खोलीत आधीच्या मालकांनी जुना गिलावा काढून प्लास्टरबोर्ड लावला होता. म्हणजे दोन कागदांच्या मध्ये जिप्सम. रंग द्यायला छान, पण त्यावर माणसाने पाय ठेवायचा नसतो.

नुसत्या कड्या दिसत असत्या तरी माणूस सांभाळून चालला असता. पण थंडीसाठी त्यांच्यावर काचेच्या लोकरीची जाड गादी घातलेली असते. सध्या इथे 270 मिलिमीटर जाडीची शिफारस करतात. त्यातला 100 मिलिमीटरचा पहिला थर दोन कड्यांच्या मध्ये बसतो आणि 170 चा दुसरा थर कड्यांवरून आडवा अंथरतात. घर उबदार राहतं, गॅसचं बिल कमी येतं, सगळं खरं. पण त्यानंतर वर डोकं काढून बघा. सगळीकडे सपाट, मऊ, पिवळी गादी! कडी कुठे आणि पोकळी कुठे, काही म्हणजे काही दिसत नाही.

आता त्या शनिवारचं सांगते.

नोव्हेंबरच्या मध्यात इथे सूर्य चार-सव्वाचारलाच मावळतो. आठवड्याच्या मधल्या दिवसांत नोकरी आणि शाळेमुळे सगळ्यांना सूर्यास्ताआधी जेवणं जमत नाही, पण शनिवार-रविवारी आम्ही तो नियम पाळतो. साडेतीनला मी ताटं घेत होते. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे स्वाध्यायाला बारा-पंधरा जणी येणार होत्या, आणि मला वरचं मोठं पातेलं हवं होतं. तीन वर्षांत ते एकदाही खाली आलं नव्हतं.

"अहो, तेवढं पातेलं काढून द्या ना वरून."

"उद्या सकाळी काढतो, उजेडात."

"उद्या सकाळी माझी धांदल असते. पाच मिनिटांचं तर काम आहे. ताटं वाढतेय, लवकर या."

हे गेले. पायात मोजे, एका हातात मोबाइलचा उजेड. इतक्या वर्षांत कड्या कुठे आहेत ते त्यांना अंदाजाने पाठ झालं होतं. जाताना अंदाज बरोबर आला. येताना हातात पातेलं होतं, त्यामुळे पाय कुठे पडतोय ते दिसत नव्हतं.

मी आधी आवाज ऐकला, मग पातेलं आदळल्याचा घणघणाट, आणि मग काहीच नाही. ते काहीच नाही अजून माझ्या कानात आहे. वर धावले तर लेकीच्या खोलीत पांढरी धूळ, लोकरीचे पुंजके आणि छतातून लोंबणारा मोज्यातला पाय. हे वर कडीला दोन्ही हातांनी मिठी मारून अडकले होते. शेजारचे आजोबा आवाज ऐकूनच आले. ते आयुष्यभर सुतारकाम केलेले, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. त्यांनी घरून एक लांब फळी आणली, वर कड्यांवर आडवी टाकली, ह्यांना तिच्यावर भार टाकायला सांगितला, आणि आम्ही खालून पाय हळूहळू वर ढकलला. मांडी सोलवटली होती आणि बरगडीला तडा गेला होता. बरगडीला प्लास्टर घालता येत नाही. सहा आठवडे हसणं, खोकणं, कूस बदलणं, सगळ्याची शिक्षा झाली.

लेकीच्या उशीवर प्लास्टरचा परातीएवढा तुकडा पडला होता. रोज त्या वेळी ती तिथेच पालथी पडून पुस्तक वाचते. त्या दिवशी जेवायला हाक मारली म्हणून खाली आली होती.

सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. त्या पहिल्यांदा म्हणाल्या, "रात्रीभोजन त्यागाची पुण्याई, पोर खाली आली म्हणून वाचली." मला मान डोलवता येईना. ज्या जेवणासाठी लेक खाली आली, त्याच जेवणाच्या घाईत मी ह्यांना वर पाठवलं होतं. रात्री हे झोपल्यावर मी तसं त्यांना म्हटलं. त्या बराच वेळ माळ ओढत राहिल्या, मग म्हणाल्या, "नियम सूर्याचा होता गं. घाई आपली होती."

सख्यांनो, रात्री जेवायचं नाही ते कशासाठी? अंधारात न दिसलेला जीव आपल्या हातून मरू नये म्हणून. मग अंधारात, न दिसणाऱ्या कडीवर, हातात ओझं देऊन घरच्या माणसाला चालायला लावणं हे कशात बसतं? तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमादावर बोट ठेवलंय, हे आपण पाठशाळेपासून शिकतो. मी प्रमाद म्हणजे आळस समजत होते. मी तर दिवसभर एक मिनिट बसत नाही, मग माझा प्रमाद कुठला? त्या दिवशी कळलं की लगबगीतही प्रमाद असतो. बेसावध घाई हा त्याचाच एक प्रकार.

मुनींच्या पाच समित्यांमध्ये पहिली ईर्यासमिती. पुढची चार हात जमीन बघून, दिवसाच्या उजेडात, जपून पाऊल टाकणं. चौथी आदाननिक्षेपण समिती. वस्तू उचलताना आणि ठेवताना बघून, पुसून, सांभाळून. आपण गृहस्थ, आपल्याला त्या पूर्ण पाळता येत नाहीत, पण जमेल तितका यत्नाचार आपल्यालाही सांगितलाच आहे. आजी माळ्यावर चढायची तेव्हा आधी शिडी हलवून बघायची. वर डोकं काढून क्षणभर थांबायची, डोळे अंधाराला सरावले की मऊ कुंच्याने पुढची जागा झाडायची, आणि मगच पाऊल. दिवेलागणीनंतर माळ्यावर जायचंच नाही, मग पाहुणे दारात उभे असले तरी. लहानपणी मला वाटायचं, म्हातारीला भीती वाटते.

आमच्या लॉफ्टमध्ये पाण्याची जुनी टाकी आहे. तिचा गोळ्याचा वॉल्व बघायला, थंडीत पाइप गोठलाय का ते तपासायला वर्षातून दोन-चारदा वर जावंच लागतं. तेव्हा वर जायचंच नाही असं ठरवून चालणार नव्हतं. पाऊल ठेवायला जागा करायला हवी होती. कड्या होत्या, आता पाट घालायचा.

मी आधी सरळ विचार केला होता. फळ्या आणायच्या, लोकर दाबायची आणि कड्यांवर स्क्रू मारायचे. शेजारच्या आजोबांनी मान हलवली. त्यांनी मला स्वेटरचं उदाहरण दिलं. उबदारपणा लोकरीत नसतो, तिच्या धाग्यांत अडकलेल्या हवेत असतो. 270 मिलिमीटरची गादी 100 मिलिमीटरमध्ये दाबली की हवा गेली आणि ऊबही गेली. वर फळी थंड, खाली खोलीतली वाफ, मध्ये दमट लोकर, म्हणजे काही वर्षांत बुरशी. म्हणून फळ्या उंच घ्यायच्या. त्यासाठी कडीवर स्क्रूने बसवायचे प्लास्टिकचे किंवा धातूचे पाय मिळतात. कडीची उंची आणि पायाची उंची मिळून लोकरीपेक्षा जास्त भरली पाहिजे, आणि फळीच्या खाली साधारण 50 मिलिमीटर हवा खेळती राहिली पाहिजे. आपल्याकडे पाटावर बसून जेवतो, त्या पाटालाही खाली पाय असतात, हे मला तेव्हा आठवलं.

फळ्या इथे लॉफ्टसाठी मुद्दाम लहान मिळतात. 1220 मिलिमीटर लांब, 320 रुंद, 18 जाड, कडेला एकमेकींत अडकणारी खाच. लहान का, तर लॉफ्टचं दार जेमतेम माणूस जाईल एवढं, त्यातून मोठा तक्ता जातच नाही. आमच्या कड्या सोळा इंचांवर, म्हणजे सुमारे 406 मिलिमीटरवर आहेत. 1220 ला तीनने भागून बघा, तेवढंच येतं. म्हणजे फळीचं टोक बरोबर कडीवर येतं, अधांतरी राहत नाही. टेपने मोजताना मला हा हिशोब जुळला तेव्हा कोडं सुटल्यासारखा आनंद झाला.

दुकानात बारा फळ्यांचे पैसे दिले तेव्हा दुकानदार म्हणाला, एवढ्याच? लोक बहुतेक सगळा लॉफ्ट भरून टाकतात. मलाही आधी तसंच वाटलं होतं. एकदाच खर्च करू, पूर्ण माळा फळ्यांनी झाकू, सामान ठेवायला केवढी जागा होईल! आणि इथेच मी थांबले. कारण पाय घसरला तो टाकी बघायला जाताना नव्हे. तो घसरला पातेल्यापायी.

वर काय काय होतं ते तुम्हाला सांगायला हवं. तीन सूटकेसा, त्यातली एक नुसत्या जुन्या पिशव्यांनी भरलेली. लेकीचा पाळणा. दोन मिक्सर, दोन्ही बंद. लग्नात आलेले आणि कधी न वापरलेले डिनर सेट. टीव्हीचं खोकं, जो टीव्ही आम्ही कधीच देऊन टाकला होता. आणि प्रत्येक वस्तूवर माझं एकच उत्तर, "राहू दे, लागेल कधीतरी." परिग्रह वस्तूत नसतो, तिच्यात अडकलेल्या मनात असतो, हे मी स्वाध्यायात इतरांना समजावून सांगते बरं का! आणि माझं मन त्या लोकरीखाली बारा खोक्यांमध्ये अडकून पडलं होतं.

आजोबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. या कड्या छत धरून ठेवण्यासाठी आहेत, खोलीच्या जमिनीएवढा भार त्यांना झेपत नाही. लॉफ्टमध्ये सामानासाठी साधारण चौरस मीटरला 25 किलो एवढाच हिशोब धरतात. मी वहीत मांडून बघितलं. बारा फळ्यांपैकी सहा फळ्या दारापासून टाकीपर्यंतची वाट. दोन फळ्या शेजारी शेजारी, म्हणजे 64 सेंटिमीटर रुंद, आणि तीन लांबीत, म्हणजे साडेतीन मीटरच्या थोडी पुढे. ती वाट फक्त पावलांसाठी, तिच्यावर काही ठेवायचं नाही. उरलेल्या सहा फळ्यांचा दाराजवळ एक चौथरा, सव्वादोन चौरस मीटरच्या आसपास. पंचवीसने गुणलं तर 58 किलो होतात. आम्ही ठरवलं, चाळीसच किलो.

परिग्रह परिमाण व्रतात आपण सोनं, जमीन, धान्य यांची मर्यादा करतो. मी माळ्याची मर्यादा केली. खोकी खाली आणून एकेक वजनकाट्यावर ठेवलं. चाळीस किलो किती लवकर भरतात ते करून बघा. पाळणा दुसऱ्या घरी गेला, तिथे बाळ येणार होतं. मिक्सर भंगार केंद्रावर, डिनर सेट धर्मादाय दुकानात. मोठं पातेलं ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या आपल्या जैन सेंटरच्या स्वयंपाकघरात दिलं. तिथे ते माझ्याकडे तीन वर्षांत जेवढं वापरलं नसतं तेवढं दर महिन्याला वापरलं जाईल. त्या रविवारच्या स्वाध्यायाला, तुम्हाला सांगते, त्याची गरजही पडली नाही. बातमी कळताच सगळ्या जणी आपापल्या घरून डबे घेऊन आल्या आणि मला चुलीजवळ जाऊ दिलं नाही.

काम जानेवारीत केलं. एक तर उन्हाळ्यात लॉफ्ट भट्टीसारखा तापतो. आणि दुसरं, मला त्या जागेत राहणाऱ्या जीवांचा विचार करायचा होता. पहिल्या दिवशी आजोबा आणि मी वर गेलो ते नुसतं बघायला. या देशात लॉफ्टमध्ये वटवाघळं असली तर कायद्याने त्यांना संरक्षण आहे. त्यांना किंवा त्यांच्या जागेला धक्का लावता येत नाही. लेंड्या दिसल्या की काम थांबवून आधी सल्ला घ्यायचा. आमच्याकडे त्यांची काही खूण नव्हती. एका कोपऱ्यात गांधीलमाश्यांचं जुनं घर होतं, नारळाएवढं, राखाडी कागदाचं. थंडीत त्या वसाहतीतल्या कामकरी माश्या मरून जातात आणि पुढच्या वर्षी तेच घर पुन्हा वापरत नाहीत, म्हणजे ते रिकामं होतं. पण नव्या राण्या हिवाळाभर कुठेतरी आडोशाला झोपून राहतात. विजेरीच्या उजेडात वासा नीट बघितला तेव्हा एक राणी दिसली, पाय दुमडून, हलत नव्हती. तिच्यापासून हातभर अंतरावर एक फुलपाखरू, पंख मिटलेलं, सुकलेल्या पानासारखं. दोघं त्याच थंडीत, त्याच वाशावर.

आजोबा म्हणाले, राणीला झटकून टाकू का? मी म्हटलं, नको, ती वाटेत नाही. ते हसले आणि त्यांनी खडूने वाशावर एक गोल काढला, म्हणजे काम करताना कुणाचा हात चुकून तिकडे जाऊ नये. धर्म वेगळा, भाषा वेगळी, पण त्या खडूच्या गोलात मला समिती दिसली.

पुढचे दोन शनिवार मी वर होते. होय, मीच. ह्यांची बरगडी नुकती भरली होती, त्यांना मी वर जाऊ दिलं नाही. ते दाराशी शिडीवर उभे राहून फळ्या वर देत होते आणि आजोबा खाली खुर्ची टाकून सूचना देत होते. तोंडावर मास्क, हातात मोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, कारण ती काचेची लोकर अंगाला लागली की दिवसभर खाजतं. कपाळाला दिवा, दोन्ही हात मोकळे. आधी लोकर हाताने बाजूला करून कडी शोधायची, मग तीन कड्यांवर आडवी फळी टाकायची, तिच्यावर गुडघे टेकायचे आणि तिथून पुढची कडी शोधायची. हात पोचेल तेवढंच काम, मग फळी पुढे. पुढची चार हात जमीन! मला ती समिती पुस्तकात कधी एवढी कळली नव्हती.

खिळे अजिबात वापरले नाहीत, स्क्रूच. हातोड्याच्या हादऱ्याने खालच्या खोल्यांचा जुना गिलावा तडकतो. शिवाय स्क्रू उद्या काढता येतो. कुठे वायर बघायची झाली तर फळी मोडावी लागत नाही. स्क्रू मारण्याआधी प्रत्येक वेळी कडीच्या दोन्ही बाजूंना हात फिरवून वायर किंवा पाइप नाही ना ते बघितलं. शॉवरच्या जाड वायरवरून लोकर काढून ती मोकळी केली, कारण गादीखाली ती तापते. आणि कौलांच्या कडेला, जिथून बाहेरची हवा आत येते, तिथे लोकर किंवा फळी काहीही टेकवलं नाही. माळ्यालाही श्वास लागतो.

दोन्ही शनिवारी साडेतीनला मी खाली उतरले. काम अर्धं राहिलं तर राहिलं. हात-पाय धुऊन शांतपणे जेवलो. दुसऱ्या शनिवारी तर शेवटची फक्त एक फळी उरली होती. हे म्हणाले, "पाच मिनिटांचं काम आहे, करून टाक." मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ती फळी रविवारी सकाळी उजेडात लावली.

लेकीच्या खोलीचं छत दुरुस्त झालं, रंग लागला. पण कितीतरी दिवस ती झोपताना उशी पायथ्याशी घ्यायची. एका संध्याकाळी, म्हणजे खरं तर दुपारी, उजेड होता तेव्हाच मी तिला वर घेऊन गेले. वाट दाखवली. खडूचा गोल दाखवला. तिने फळीवर आधी एक पाय दाबून बघितला, मग दुसरा, आणि मला विचारलं, "आई, याच्या खाली माझी खोली आहे?" हो म्हटल्यावर ती तिथेच मांडी घालून बसली. त्या रात्रीपासून उशी परत जागेवर आली.

मार्चच्या शेवटी वर गेले तेव्हा फुलपाखरू नव्हतं. राणीही नव्हती. खडूचा गोल अजून आहे, मी तो पुसलेला नाही.

आणि क्षमावणीचं. दरवर्षी आपण सगळ्यांना सरसकट क्षमा मागतो. कळत नकळत, काया-वाचा-मनाने, आणि मोकळ्या होतो. यंदा मी ह्यांच्यापुढे बसून नाव घेऊन मागितली. म्हटलं, "ते पाच मिनिटांचं काम म्हणून मी तुम्हाला वर पाठवलं, त्याची क्षमा करा." हे जरा गडबडले. म्हणाले, "मोजे काढले असते तरी चाललं असतं मला." मग थोड्या वेळाने, "आणि मीही नाही म्हणायला हवं होतं."

ज्यांच्या घरी असा लॉफ्ट आहे त्यांच्यासाठी शेवटी थोडं. फळ्या नसतील तर कुणालाही, अगदी पाच मिनिटांसाठीही, वर पाठवू नका. घर जुनं असेल आणि वर लोकरीऐवजी सुटे चमकदार खडे पसरलेले दिसले तर हात लावू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, आधी तपासून घ्या. अलीकडच्या घरांत छताला बारीक लाकडांचे त्रिकोण असतात, जागा करायला म्हणून त्यातलं एकही लाकूड कापू नका. भाराबद्दल शंका असेल तर जाणकाराला बोलवा. टाकीच्या खाली लोकर घालू नका, खोलीतली ऊब तिला गोठू देत नाही. एकट्या वर जाऊ नका, खाली कुणीतरी असू द्या. आणि फळ्या विकत घेण्याआधी वरची खोकी खाली आणून वजन करा. किती फळ्या लागतील ते तेव्हाच कळेल. आमच्या चौथऱ्यावर सध्या 31 किलो आहेत. नऊ किलो शिल्लक आहेत, आणि ती तशीच राहावीत असा प्रयत्न आहे.

भारतातल्या सख्यांनो, तुमच्याही स्वयंपाकघरावर, न्हाणीघरावर माळा असेलच. स्टुलावर स्टूल ठेवून त्यात डोकं घालणारी मी एकटीच नाही, हे मला ठाऊक आहे. दिवाळीच्या आवराआवरीत तुमच्या माळ्यावरून काय काय खाली आलं आणि त्यातलं काय परत वर गेलं नाही, ते मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.